शुद्ध पंचमीला तिथे उजाडते

चंद्रावरच्या शांतिसागर नावाच्या काळसर मैदानात एक खोल खड्डा आहे. त्या खड्ड्यावर दर महिन्याच्या शुद्ध पंचमीच्या सुमारास सूर्य उगवतो आणि वद्य पंचमीच्या सुमारास मावळतो. हे मी कुठे वाचलेले नाही. ती जागा चंद्राच्या ३३ अंश पूर्व रेखांशावर आहे एवढे कळल्यावर जेवणाच्या टेबलावर पंचांग उघडून मी हा हिशेब कागदावर मांडला. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र उजळलेला दिसतो, तेव्हा उजेडाची सीमा चंद्राच्या बरोबर मध्यावर असते, आणि ती सीमा एका तिथीला १२ अंश या वेगाने सरकते. म्हणजे ३३ अंशांसाठी पावणेतीन तिथी मागे जायचे, की पंचमी येते. श्रावणात आपण नागपंचमीला वारुळाची पूजा करतो, जमीन नांगरत नाही, खणत नाही, त्याच दिवसाच्या आगेमागे त्या खड्ड्याच्या काठाला पहिले ऊन लागते, आणि शिमग्यानंतरच्या रंगपंचमीला तिथे चौदा-पंधरा दिवसांची रात्र सुरू होते. हा योगायोग आहे हे मला ठाऊक आहे, पण तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, कारण त्या हिशेबानंतर तो खड्डा मला परका वाटेनासा झाला.

बातमी आली ती १५ जुलै २०२४ रोजी, आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी. पुण्यात पाऊस लागून राहिलेला होता आणि चंद्र दिसण्याची काही सोय नव्हती. इटलीतल्या ट्रेंटो विद्यापीठातले लिओनार्दो कारेर, लोरेंझो ब्रुझोने आणि त्यांचे सहकारी यांनी नेचर अॅस्ट्रॉनॉमी या नियतकालिकात दाखवून दिले होते की शांतिसागरातल्या त्या खड्ड्याच्या तळाशी आडवी जाणारी एक पोकळी आहे, आणि ती खड्ड्यातून आत शिरता येण्याजोगी आहे. खड्डा सुमारे १०० मीटर रुंद आणि १०० मीटरहून अधिक खोल आहे, म्हणजे तीस-पस्तीस मजली इमारत उभी मावेल एवढा. त्याच्या भिंती सरळ उभ्या आहेत, काही ठिकाणी तर आतल्या बाजूला ओणवलेल्या आहेत. आतली गुहा जमिनीखाली १३० ते १७० मीटरवर असावी, रुंदी सुमारे ४५ मीटर, आणि लांबी निदान ३० ते ८० मीटर. कार्ल्याच्या चैत्यगृहाची रुंदी चौदा मीटरच्या आसपास आहे. ते डोळ्यांसमोर आणले आणि तसे तीन शेजारी शेजारी मांडले, तेव्हा कुठे मला त्या अंधाराचा अंदाज आला.

चंद्रावर असे खड्डे आहेत ही गोष्ट मात्र त्या दिवशी नव्याने कळलेली नव्हती. जपानच्या कागुया यानाने काढलेल्या छायाचित्रांमध्ये जुनिची हारुयामा आणि त्यांच्या चमूला २००९ मध्ये मारियस टेकड्यांच्या प्रदेशात असा पहिला खड्डा सापडला, आणि त्यानंतर एलआरओ या अमेरिकी यानाच्या छायाचित्रांमधून त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. आपल्या चांद्रयान-१ च्या नकाशे काढणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांवरून अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्येच चंद्रावरच्याच 'वादळांचा महासागर' या मैदानातल्या एका न ढासळलेल्या लाव्हानळीविषयी, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेल्या पोकळ नळीविषयी, लिहिले होते, आणि भविष्यात माणसाला राहण्याजोगी जागा म्हणूनच तिचा विचार केला होता. मग २०२४ मध्ये नवे काय झाले? खड्डा वरून दिसत होता, पण त्याच्या पोटात वाट आहे की नुसता ढिगारा, हे कुणालाही सांगता येत नव्हते. ते पहिल्यांदा मोजमापानिशी सांगितले गेले.

ते कसे सांगितले गेले, ही मला या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि लोकांच्या बोलण्यात तिचाच उल्लेख सर्वांत कमी होता. माझ्या आजोळी परसात आड होता. आम्ही मुले काठावरून वाकून त्यात हाक मारत असू, आणि हाक परत येताना तिच्यात जी घुमी भर पडलेली असे तिच्यावरून पाणी किती खाली गेले आहे हे आजी न बघता सांगत असे. एलआरओवरच्या रडारने नेमके तेच केले. यानाने तिरप्या कोनातून रेडिओ लहरी खड्ड्यात सोडल्या. त्यांतल्या काही ओणव्या भिंतीखालून आत शिरल्या, आतल्या छताला आणि जमिनीला आपटल्या आणि परतल्या. परतलेल्या लहरींची चमक नुसत्या बंद खड्ड्यातून यावी त्यापेक्षा जास्त होती. शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या आकारांच्या पोकळ्या संगणकात उभ्या केल्या, प्रत्येकीतून अशाच लहरी कशा परततील ते काढले, आणि प्रत्यक्ष चित्राशी जुळणारा आकार शोधला.

आणि ती नोंद कधीची होती, तर २०१० ची. चौदा वर्षे ती साठवलेल्या माहितीत जशीच्या तशी पडून होती. हाक २०१० मध्ये मारली, उत्तरही तेव्हाच आले, पण त्या उत्तरातली घुमी भर ऐकायला २०२४ उजाडावे लागले. नव्या यानाची वाट न पाहता जुनी नोंद पुन्हा उघडून बसणाऱ्या माणसांविषयी मला फार आदर वाटतो. एक गोष्ट आपल्या लोकांना सांगावीशी वाटते. ज्या रडारने ही नोंद केली, त्याचेच थोरले भावंड त्याआधी चांद्रयान-१ वरून चंद्राभोवती फिरले होते. त्या बातमीपाशी आपलाही एक धागा पोहोचतो, आणि तो ओढूनताणून आणावा लागत नाही.

लोकांनी बातमी कशी घेतली, हे मी त्या आठवड्यात कान देऊन ऐकले. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत, वर्गात, आणि संध्याकाळी सोसायटीच्या आवारात हा विषय निघाला की माझ्याकडे वळून बघितले जाई. कुणी म्हणाले, आता तिथे घरांची नोंदणी सुरू होईल. कुणी म्हणाले, आधी आपल्या रस्त्यांवरचे खड्डे बुजवा. कुणाला खात्री होती की आत कुणीतरी आधीपासून राहत असणार. यातले बरेचसे हसण्यावारी बोललेले होते, पण मला त्यातले एकही वाक्य टाकाऊ वाटले नाही. रस्त्यांविषयी बोलणारे गृहस्थ रोज दुचाकीवरून पंचवीस किलोमीटर जातात, आणि त्यांची पाठ दुखते हे खरे आहे. त्यांना मी एवढेच म्हटले की ही गुहा सापडली ती चौदा वर्षांपूर्वीची नोंद पुन्हा वाचून, तिच्यासाठी नवे यान सोडावे लागले नाही.

वर्गात नववीतल्या एका मुलाने विचारले, की चंद्र आतून पोकळ आहे हे आता सिद्ध झाले ना? त्याने कुठेतरी पाहिले होते की चंद्रावर काहीतरी आपटल्यावर तो घंटेसारखा वाजला होता. ती गोष्ट खोटी नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ च्या चांद्रयानाचा वरचा भाग मुद्दाम चंद्रावर आपटवला गेला, आणि तिथे ठेवलेल्या कंपनमापकाने जवळजवळ तासभर कंप नोंदवला. पण त्याचे कारण पोकळी नव्हे. चंद्राचे कवच उल्कांच्या माराने तडकलेले आणि अतिशय कोरडे आहे. पृथ्वीच्या कवचात पाणी आणि ओलावा कंप लवकर शोषून घेतात, तिथे शोषून घ्यायला काहीच नाही, म्हणून कंप इकडून तिकडे आपटत राहतात. मी टेबलावर काळ्या कातळाचा एक तुकडा ठेवला आणि त्याला म्हटले, हा पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड आहे, आणि चंद्र सरासरीने पाण्याच्या ३.३४ पट जड आहे. आतून पोकळ असलेला गोळा त्याच्या सालीच्या दगडापेक्षा जड कसा असेल? तो तुकडा हातात तोलत तो बराच वेळ उभा राहिला, आणि मग म्हणाला, "म्हणजे सालीत एक छोटी फट आहे, एवढेच." एवढेच, आणि तेवढेही खूप आहे.

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न मात्र निराळा होता, आणि तो मला घरातही ऐकू आला. माझी आई ८१ वर्षांची आहे. तिला मी बातमी वाचून दाखवली तेव्हा खड्ड्याची खोली, रडार, चौदा वर्षे हे सगळे तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तिथे राहता येईल का गं?"

पहिल्यांदा मला वाटले होते की हा प्रश्न घाईचा आहे. इतक्या मोठ्या शोधातून माणसांना आधी स्वतःसाठी खोली दिसावी, याचे थोडे वाईटही वाटले होते. पण मग काही वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला. एप्रिलच्या कडक उन्हात मी आईला भाज्याच्या लेण्यांना घेऊन गेले होते. पायऱ्या चढता चढता ती दोनदा बसली. वर पोचल्यावर चैत्याच्या कमानीकडे तिने बघितलेसुद्धा नाही. ती सरळ शेजारच्या एका विहारात शिरली, दगडी ओट्यावर बसली आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. मी भिंतीवर तळहात ठेवला. बाहेरचा कातळ चटका देत होता, आतला माठासारखा गार होता. छिन्नीच्या तिरप्या रेघा बोटांना लागत होत्या, कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी ओढलेल्या, एकीशेजारी एक, न कंटाळता. थोड्या वेळाने आई म्हणाली, "इथे कुणालाही झोप लागेल." आजही राहण्याच्या जागेविषयी यापेक्षा जास्त काही सांगता येईल असे मला वाटत नाही.

तो गारवा कातळाच्या जाडीतून येतो, आणि चंद्रावरच्या खड्ड्यातही तसाच काहीसा हिशेब आहे. चंद्राच्या उघड्या जमिनीवर भर दुपारी तापमान १२० अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि रात्री शून्याखाली १७० अंशांपर्यंत उतरते. २०२२ मध्ये एलआरओवरच्या तापमापक उपकरणाच्या नोंदी आणि संगणकीय गणित यांची सांगड घालून टायलर होरवाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढले, की शांतिसागरातल्या या खड्ड्याच्या कायम सावलीतल्या भागात तापमान सुमारे १७ अंशांवर स्थिर असावे. तळाचा जो भाग उन्हात येतो तो दुपारी बाहेरच्या जमिनीहूनही जास्त तापतो, सुमारे १५० अंशांपर्यंत, कारण चारही बाजूंच्या भिंती उष्णता त्याच्यावरच परत फेकतात. पण ओणव्या कड्याखालच्या सावलीत दिवसा ऊन पोचत नाही, आणि रात्री तोच कडा आतली ऊब आकाशात निसटू देत नाही. चांद्रयान-३ ने ऑगस्ट २०२३ मध्ये जमिनीत खुपसलेल्या तापमापकानेही आपल्याला हे लहान प्रमाणावर दाखवले होते. वरची माती पन्नास अंशांवर तापलेली असताना अवघ्या आठ सेंटिमीटर खाली पारा शून्याखाली गेलेला होता. सतरा अंश म्हणजे पुण्यातली नोव्हेंबरची पहाट, अंगावर शाल घेतली की भागते अशी. आईला हे सांगितले तेव्हा तिने मान डोलावली आणि म्हणाली, "मग राहता येईल."

त्याशिवाय तिथे हवा नाही, चुंबकीय छत्र नाही. उघड्या जमिनीवर बसणारा किरणोत्सार पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या किरणोत्सारापेक्षा सुमारे २०० पट असल्याचे चीनच्या चांग-ई-४ यानावरच्या उपकरणाने मोजले आहे, आणि बारीकसारीक उल्काकण कोणत्याही आडकाठीविना येऊन आदळतात. अशा ठिकाणी शंभर मीटर जाडीचा कातळ डोक्यावर असणे म्हणजे काय, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. 'राहता येईल का' हा प्रश्न त्यामुळे मला आता उथळ वाटत नाही. वर्षावासाच्या तीन महिन्यांसाठी सह्याद्रीच्या पोटात आसरा शोधणाऱ्या भिक्षूंनीही कातळासमोर उभे राहून आधी हेच बघितले असणार.

भाज्याची आठवण मला केवळ गारव्यामुळे आली नाही. कातळ एकाच जातीचा आहे. चंद्राचे जे काळसर डाग आपल्याला इथून दिसतात, ज्यांत आपण ससा आणि हरीण बघत आलो, ती गोठलेल्या लाव्हाची मैदाने आहेत आणि त्यांचा दगड बेसाल्ट आहे. सह्याद्रीही बेसाल्टचाच आहे. वयात मात्र फार अंतर आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि शांतिसागराचा साडेतीन अब्ज वर्षांहूनही आधी. वाहत्या लाव्हाचा पृष्ठभाग थंड होऊन त्यावर कवच धरते, तापल्या दुधावर साय धरावी तसे, आणि कवचाखाली पातळ लाव्हा वाहत राहतो. मागून येणारा लाव्हा संपला की आतला सगळा निघून जातो आणि मागे रिकामी नळी राहते. पुढे कधीतरी तिच्या छताचा एक तुकडा कोसळतो आणि वरून तो खड्डा दिसू लागतो. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एकषष्ठांश असल्यामुळे तिथली छते फार मोठ्या रुंदीवरही तग धरू शकतात. काही गणितांनुसार एक किलोमीटरहून रुंद नळ्यासुद्धा न ढासळता उभ्या राहू शकतील.

मराठीत अशा जागांसाठी शब्दांची वाण नाही, हे लिहिताना पुन्हा जाणवले. माणसाने कोरले तर लेणे, डोंगराने आपसूक ठेवली तर गुहा, पाण्याने कातळाखाली पोखरली तर घळ, दडायला पुरेल एवढी असेल तर कपार, एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघता आले तर भुयार. बातम्यांमध्ये सरसकट 'विवर' लिहिले गेले आणि घोटाळा झाला, कारण उल्केच्या आघाताने झालेल्या वाटोळ्या खळग्यांना, आपल्या लोणारला, आपण विवरच म्हणतो. शांतिसागरातली ती पोकळी मला 'घळ' या शब्दाजवळची वाटते. वरून तिचे तोंड दिसत नाही, कड्याखाली वाकून बघितल्याशिवाय ती आपले अस्तित्व कळू देत नाही.

त्या खड्ड्याच्या भिंती हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. एलआरओच्या तिरप्या छायाचित्रांत त्या भिंतींवर काही मीटर जाडीचे थर एकावर एक रचलेले दिसतात. खंडाळ्याच्या घाटातून जाताना खिडकीबाहेर बघितले की डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेला दिसतो आणि मध्येच एखादा विटकरी लाल पट्टा येतो. दोन लाव्हाप्रवाहांमध्ये जो काळ गेला, त्या काळात खालच्या थराची झीज होऊन जी माती बनली ती वरच्या प्रवाहाने भाजून आणि झाकून ठेवली, तो हा पट्टा. चंद्रावर पाऊस नाही, झाडे नाहीत, पण तिथेही दोन प्रवाहांमधल्या काळात उल्कांच्या माराने वरचा दगड भुगा होत राहतो, आणि त्या धुळीत सूर्याकडून येणारे कण रुतून बसतात. पुढच्या लाव्हाने ती धूळ झाकली असेल, तर तीन-साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचा सूर्य कसा होता याची नोंद त्या भिंतीत मिटून ठेवलेली असू शकते. पृथ्वीवर असे पान शिल्लक राहणे फार कठीण, कारण पाऊस, नद्या आणि भूखंडांची हालचाल यांनी आपली जुनी पाने केव्हाच धुऊन टाकली आहेत.

म्हणून मला मनापासून वाटते की तिथे पहिल्यांदा जे कुणी उतरेल, यंत्र असो वा माणूस, त्याने आधी भिंत वाचावी. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही, आणि भारतानेही त्यावर सही केली आहे. पण मालकी नसतानाही जागा खराब करता येते, हे आपल्याला आपल्याच लेण्यांमध्ये दिसते. भाज्याला त्या दिवशी छिन्नीच्या रेघांच्या शेजारीच कुणीतरी खिळ्याने दोन नावे आणि मध्ये बदामाचे चिन्ह कोरलेले होते. आईने पदराच्या टोकाने ते पुसून बघितले. दगडावरचे ते काही पुसले जाणार नव्हते, पण तिने दोन-तीनदा बघितले. अपोलो-११ चे यान २० जुलै १९६९ रोजी त्या खड्ड्यापासून साधारण ४०० किलोमीटरवर उतरले होते. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांच्या पावलांचे ठसे तिथे अजून तसेच असणार, कारण ते पुसायला वारा नाही. गुहेतल्या धुळीत उमटलेले पहिले पाऊलही तसेच राहील, चुकीच्या जागी पडले तरी.

त्या वर्षी दिवाळी संपल्यावर कार्तिक शुद्ध षष्ठीच्या संध्याकाळी मी सोसायटीच्या गच्चीवर माझी छोटी दुर्बीण लावली. नैर्ऋत्येला चंद्र होता, खालून उजव्या अंगाला उजळलेला, आणि सीमारेषेच्या जवळ थिओफिलसचे विवर सावलीमुळे उठून दिसत होते. बारा-पंधरा जण आले होते, त्यांत तो नववीतला मुलगा होता आणि खुर्चीवर बसवून वर आणलेली आईही होती. खड्डा या दुर्बिणीतून दिसणार नाही हे मी आधीच सांगितले होते, तो शांतिसागराच्या त्या करड्या पटात कुठे असेल तेवढे दाखवले. तिथे उजाडून दिवसभराहून थोडा जास्त वेळ झाला असेल, सूर्य अजून क्षितिजालगतच असेल, म्हणजे काठ उजळलेला आणि तळ पूर्ण काळोखात. आईने बराच वेळ डोळा लावला आणि मग नुसते विचारले, "ऊन तळाला केव्हा पोचेल?" मी म्हटले, द्वादशी-त्रयोदशीला, तेव्हा तिथे भर माध्यान्ह असेल. मुलाने ते वहीत लिहून घेतले.

वद्य पंचमीच्या रात्री दहा वाजून गेल्यावर दाराची घंटा वाजली. तो मुलगा होता, पायात चपला नव्हत्या, खाली आई-बाबांना सांगून आलो आहे असे त्याने मी विचारायच्या आत सांगितले. आम्ही गच्चीत गेलो. पाण्याच्या टाकीच्या डावीकडून चंद्र नुकताच वर आला होता, वरच्या बाजूने खाल्ल्यासारखा, आणि अंधार शांतिसागरापर्यंत उतरला होता.

"काकू, आता तिथे रात्र झाली ना?"

"हो, किंवा आज-उद्यात होईल."

"आणि आत?"

"आत काय?"

"आत तेवढेच ना, सतरा?"

मी हो म्हटले. तो कठड्याला हात टेकून चंद्र टाकीच्या वर येईपर्यंत बघत उभा राहिला.